कऱ्हाकाठचे पाणी आणि वाटणीचा नियम

समाजापुढची एखादी जुनी अडचण दूर करण्यासाठी माणसे जेव्हा आपापसांतील व्यवहाराची नवी रीत शोधून काढतात, आणि ती रीत शोधणाऱ्यांच्या पश्चातही काही काळ चालत राहते, तेव्हा तिला सामाजिक नवोपक्रम म्हटले जाते. नवे यंत्र, नवे बियाणे किंवा नवे धरण हे तांत्रिक नवेपण झाले. पंप कोणाच्या मालकीचा, वीजबिल कोणी भरायचे, पाण्याची पाळी आधी कोणाला लागायची आणि पाळी मोडणाऱ्याला कोणी अडवायचे, हे ठरवण्याची नवी पद्धत हे सामाजिक नवेपण होय. सक्रिय नागरिकत्व या संज्ञेचा अर्थही असाच काटेकोरपणे घ्यावा लागतो. मत देऊन पाच वर्षे स्वस्थ बसण्यापलीकडे जाणे, सार्वजनिक कामाची आखणी, खर्च, देखरेख आणि वाटप यांत स्वतः उतरणे, प्रसंगी शासनाला जाब विचारणे, आणि ठरलेल्या नियमाने स्वतःही बांधले जाणे, एवढे सारे त्यात येते. यांपैकी शेवटची गोष्ट भाषणांतून बहुधा निसटते. प्रत्यक्षात तीच सर्वांत अवघड असते.

या दोन गोष्टींचा संबंध कसा जुळतो आणि कुठे तुटतो, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्टा चांगला उपयोगी पडतो. कऱ्हा नदी पुरंदर तालुक्यात उगम पावते, सासवड, जेजुरी, मोरगाव अशी वाट काढत बारामतीत येते आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे या भागात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. एकाच बारामती तालुक्याचे दोन चेहरे आहेत. नीरा डाव्या कालव्याखालचा दक्षिणेकडील भाग बागायती, उसाचा. तर सुपे, मोरगाव, कऱ्हाटी, लोणी भापकर, उंडवडी, शिर्सुफळ हा उत्तर-पश्चिमेकडील भाग जिरायती, म्हणजे पावसावर ज्वारी-बाजरी पिकवणारा आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. तालुक्याच्या राजकारणात, सोयरिकीत आणि रोजच्या बोलण्यातही ‘जिरायती भाग’ आणि ‘बागायती भाग’ ही विभागणी पक्की बसलेली आहे.

बागायती भाग तसा निसर्गतः बागायती नव्हता. १८७६-७८ च्या महादुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळनिवारणाचे साधन म्हणून नीरा डावा कालवा पुरा केला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. पण कालवा झाला म्हणून शेती लगेच बदलली नाही. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसे, कारण पाणीपट्टी भरून ज्वारी भिजवणे परवडत नव्हते. आणि पाऊस दगा देई तेव्हा सर्वांनाच एकदम पाणी हवे असे. ही कोंडी फोडली ती बऱ्याच अंशी सासवडच्या माळी कुटुंबांनी. विहिरीच्या पाण्यावर ऊस व फळबागा करण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब असलेली ही कुटुंबे कालव्याच्या कडेने खाली सरकली, स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊ लागली, ऊस लावून गूळ करू लागली आणि जमीन देणाऱ्यांनीही पाहता पाहता ती विद्या उचलली. याच समाजाने पुढे १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा साखर कारखाना उभारला.

ऊस वाढला तसा पाण्याचा प्रश्न उलटा झाला. न खपणारे पाणी आता पुरेनासे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली. एका ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पण त्यात उसाला मर्यादित हिस्साच राखायचा, बाकी क्षेत्र कमी पाण्याच्या पिकांना द्यायचे, म्हणजे तेच पाणी अधिक गावांत पोहोचेल, असा तिचा गाभा होता. कल्पना शहाणपणाची होती. मात्र नियम वरून आला होता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूसही सरकारी होता. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांनी हिश्श्यापेक्षा जास्त पाणी उचलणे आणि टेलच्या, म्हणजे शेपटाकडच्या, इंदापूरच्या गावांनी आवर्तनाची वाट पाहत बसणे, ही तक्रार शतकभराने आजही कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत ऐकू येते. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चारीवर दारं धरायला गेलेल्या टेलच्या शेतकऱ्याला वरच्या गावात कोणीतरी पाणी फोडले आहे हे पाण्याच्या पातळीवरूनच कळते. ते फोडणाऱ्याला विचारण्याचा हक्क आणि हिंमत मात्र त्याच्याजवळ असत नाही. नियम तयार करण्यात ज्यांचा हात नसतो त्यांना तो राखण्यातही गोडी नसते, याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत लांब, अक्षरशः कालव्याच्या लांबीचा, दाखला आहे.

१९५० च्या दशकापासून याच पट्ट्यात वेगळ्या प्रकारचा प्रयोग रुजत गेला. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याची जी वाट पडली, तिच्यावरून माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती असे कारखाने उभे राहिले. मॅकगिल विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवुड यांनी माळेगाव परिसराचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाचा प्रश्न हाताळला आहे: भारतात इतरत्र सहकारी संस्था कागदावर राहिल्या असताना पश्चिम महाराष्ट्रातील कारखाने का चालले? त्यांच्या मते मोठ्या आणि लहान बागायतदारांचे हित येथे एका ठिकाणी बांधले गेले. ऊस तोडल्यानंतर काही तासांतच गाळला गेला पाहिजे, नाही तर उतारा घटतो. कारखाना पूर्ण क्षमतेने चालायचा तर लहान शेतकऱ्याचाही ऊस लागतो. आणि प्रत्येक सभासदाला एकच मत असल्यामुळे त्या लहान शेतकऱ्याला डावलून निवडणूक जिंकता येत नाही. म्हणजे चांगुलपणावर विसंबून न राहता, वाईट वागणे महाग पडेल अशी रचना साधली गेली. पुढे या कारखान्यांचे काय झाले, त्यांतील लोकशाही किती उरली आणि किती घराण्यांत मुरली, हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की या वर्तुळात यायला ऊस लागत होता, उसाला पाणी लागत होते, आणि जिरायती भाग म्हणूनच वर्तुळाबाहेर राहिला. फडात कोयता चालवणारा ऊसतोड मजूरही बाहेरच राहिला.

जिरायती भागात सामुदायिक कामाला चालना मिळाली ती दुष्काळांमुळे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कासा’ या ख्रिस्ती मदत संस्थेमार्फत मिळणाऱ्या धान्याच्या व तेलाच्या मोबदल्यात बारामती तालुक्यात पाझर तलाव खोदण्याचे काम सुरू झाले. फुकट वाटप करण्याऐवजी त्याच धान्यातून गावाला कायमची उपयोगी पडेल अशी वस्तू उभी करायची, हा त्यामागचा विचार होता. या कामाला पुढे संस्थेचे रूप मिळाले आणि १९७१ मध्ये आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मिलो ज्वारीची भाकरी, सुकडी, खडी फोडण्याचे काम आणि पाझर तलावाच्या बांधावर पाट्या टाकणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, हे या भागाचे सामायिक स्मरण होऊन बसले.

पाझर तलावाचे तंत्र साधे आहे आणि ते नीट समजून घेतले की सामाजिक प्रश्न आपोआप पुढे येतो. ओढ्यावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे; या तलावातून कालवा काढायचा नसतो, पाणी तळातून मुरू द्यायचे असते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या वर मुरमाचा, झिजलेल्या खडकाचा जो थर असतो, त्याच्या भेगांतून ते हळूहळू खाली सरकते आणि बांधाच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरींना पाझरून भेटते. फेब्रुवारीत कोरडी पडणारी विहीर मग एप्रिलपर्यंत टिकते. पण ती विहीर असते कोणाची? बांध घातला सार्वजनिक पैशाने, माती वाहिली गावातल्या भूमिहीन आणि अल्पभूधारक स्त्री-पुरुषांनी, आणि पाणी मिळाले ते तलावाच्या खाली ज्याची जमीन होती व विहीर पाडण्याची ऐपत होती त्याला. तलाव सर्वांचा आणि विहीर एकट्याची. माती वाहणाऱ्या बाईच्या वाट्याला आठवड्याची मजुरी आली. काम संपले तसा तिचा त्या तलावाशी असलेला संबंधही संपला. तांत्रिक दृष्ट्या यशस्वी झालेला पाझर तलाव सामाजिक दृष्ट्या गावातील विषमता वाढवूही शकतो, हे कऱ्हाकाठी पुष्कळ ठिकाणी दिसले आहे.

१९७२ च्या दुष्काळातून राज्यपातळीवरची एक मोठी गोष्टही जन्मली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे करून पाहिलेला प्रयोग १९७२ मध्ये रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर लागू झाला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता, हा हक्क त्यातून मिळाला. त्याचा खर्च भागवण्यासाठी १९७५ मध्ये लावलेला व्यवसाय कर शहरातील पगारदार आजही भरतो, जरी तो कशापायी सुरू झाला हे पगारपत्रकाकडे पाहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा याच पायावर उभा राहिला. मोर्चे काढून काम मागणाऱ्या मजुरांनी, त्यांच्या संघटनांनी आणि विधिमंडळाने मिळून घडवलेला हा नवोपक्रम मोठाच होता, परंतु काम संपल्यावर उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर मजुराचा हक्क काय, या प्रश्नाला त्यानेही हात घातला नाही.

तो प्रश्न उचलला विलासराव साळुंखे यांनी. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणे बनवणारा कारखाना चालवणारे हे अभियंता-उद्योजक १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील दुष्काळी कामे पाहायला गेले आणि हजारो माणसे खडी फोडत असताना त्या श्रमातून पुढच्या दुष्काळाला तोंड देणारे काहीच उभे राहत नाही, या जाणिवेने अस्वस्थ झाले. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना केली आणि कऱ्हेच्याच खोऱ्यातील नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली. त्या जमिनीवर उतारानुसार बांधबंदिस्ती केली, पायथ्याला पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर घेतली आणि विहिरीचे पाणी उचलून वरच्या रानाला दिले. माळावर धान्य पिकू लागले. एवढ्यावर थांबले असते तर ते एका जिद्दी माणसाचे उत्तम प्रात्यक्षिक शेत ठरले असते, आणि अशी शेते महाराष्ट्रात बरीच आहेत. नायगाव त्यापुढे गेले, कारण साळुंखे आणि तेथील शेतकरी यांनी पाण्याच्या वाटपाचे नियम बांधले. त्याच नियमांना पाणी पंचायत हे नाव मिळाले.

नियम मोजके होते, पण प्रत्येकाने प्रस्थापित व्यवहाराची एकेक खुंटी उपटली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याची पंधरा एकर जमीन त्यालाही अडीच एकरांपुरतेच पाणी. उरलेली जमीन जिरायतीच राहणार. योजना एकट्यादुकट्याची नसेल, गटाचीच असेल. ऊस किंवा तत्सम बारमाही पीक घ्यायचे नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. ते गटाकडे परत येते. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे: स्वतःची जमीन नसली तरी तो दुसऱ्याची जमीन कसायला घेऊन आपल्या वाट्याचे पाणी तिथे लावू शकतो. खर्चाची विभागणीही ठरलेली होती. योजनेच्या खर्चाचा साधारण निम्मा भाग शासकीय अनुदानातून, ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्जरूपाने आणि २० टक्के लाभार्थ्यांनी काम सुरू होण्यापूर्वी रोख जमा करायचे.

यातला २० टक्क्यांचा नियम वरवर पाहता गरिबाला जाचक वाटतो, पण सामुदायिक सहभागाचे रहस्य बरेचसे त्यात आहे. ज्याने शेळी विकून, उसनवारी करून हिस्सा भरला आहे, तो पाइपलाइन गळते कुठे, मोटर कोण चालू ठेवून गेला, हिशेबाच्या वहीत डिझेलचा आकडा फुगला आहे का, याची विचारपूस करतोच. पाणी सोडण्यासाठी गटाने आपल्यातलाच एक पाटकरी पगारावर नेमायचा, शेतकऱ्याने स्वतः दारे उघडायची नाहीत, अशी पद्धत होती. भांडण झाले तर ते बांधावर न होता गटाच्या बैठकीत व्हावे, हा तिचा उद्देश. माणशी हिशेबाचा आणखी एक परिणाम सहज नजरेआड होतो. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही ती सून आणि रांगणारे मूल या दोघांनाही या मोजणीत डोके म्हणून स्थान मिळाले. वाटप अखेर कुटुंबाच्या नावे आणि बहुधा कर्त्या पुरुषाच्या हातीच गेले, तरी स्त्रीला पाण्याच्या हक्कात मोजणारा हिशेब त्या काळच्या सिंचनव्यवहारात विरळाच होता.

अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००९ मध्ये ज्यांना मिळाले त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे, पाटाचे पाणी अशी सामायिक संसाधने लोक स्वतः कशी टिकवतात, याचा जगभरातील उदाहरणांवरून शोध घेतला. सामायिक वस्तूची प्रत्येकजण ओरबाड करतो, म्हणून ती एक तर सरकारच्या ताब्यात द्यावी किंवा खासगी करावी, हे तोवर रूढ असलेले मत त्यांनी खोडून काढले. ज्या संस्था दीर्घकाळ टिकल्या त्यांत सभासद कोण आणि कोण नाही हे स्पष्ट होते, नियम स्थानिक परिस्थितीला धरून होते, ज्यांना नियम लागू त्यांनाच तो बदलण्याचा अधिकार होता, देखरेख करणारा सभासदांना उत्तरदायी होता, दंड पायरीपायरीने वाढत जाई, तंटा स्वस्तात मिटे आणि शासन या व्यवस्थेत अडथळा आणत नसे. पुरंदरच्या माळावर हीच कलमे ऑस्ट्रॉम यांच्या ग्रंथाआधी दशकभर चालू होती. फक्त एक बाब अधिक होती: ऑस्ट्रॉम यांच्या यादीत व्यवस्था टिकण्याच्या अटी आहेत, ती न्याय्य असण्याची अट नाही. पाणी पंचायतीने टिकण्यासोबत न्यायही मागितला, आणि तिचे पुढचे सारे यशापयश या जादा मागणीभोवती फिरते.

पुरंदर आणि शेजारच्या भागात पाणी पंचायतीच्या अनेक उपसा योजना झाल्या. पण २००२ मध्ये साळुंखे यांचे निधन होण्याच्या आधीच त्यांतील बऱ्याच थंडावू लागल्या होत्या. कारणे निरनिराळी होती: वीजबिलांची थकबाकी, पाझर तलावांत साचलेला गाळ, सलग अवर्षणांत तलावच न भरणे, तरुणांचे पुण्याकडे व चाकरीकडे जाणे. त्यांहून खोल असलेले कारण मात्र शेजारी होते. दहा-पंधरा किलोमीटरवर कालव्याखाली मनाला येईल तेवढा ऊस लावता येतो, त्याला कारखाना आहे, बँक कर्ज देते, शासन पाण्याचा खर्च सोसते. मग माळावरच्यानेच माणशी अर्ध्या एकराचे व्रत का पाळावे? समन्यायी नियम स्वीकारणाऱ्याला शासनाने बक्षीस दिले नाही आणि तो धुडकावणाऱ्याचे काही बिघडले नाही, अशा स्थितीत तो नियम किती दिवस टिकणार? पाणी पंचायत पसरली नाही याचा दोष गावकऱ्यांच्या स्वार्थाला देणारे लिखाण पुष्कळ आहे. भोवतालचे धोरण जर उलट दिशेला ओढत असेल, तर गावकऱ्यांनी इतकी वर्षे ती चालवली हेच विशेष मानावे लागते. जिथे नियम टिकले नाहीत तिथेही त्यांनी रुजवलेली कमी पाण्याची शेती काही प्रमाणात राहिली. पुरंदरची सीताफळे आणि अंजिरे हा तसा जुनाच वारसा, त्याला त्यातून बळच मिळाले.

कल्पना मात्र दूरवर गेली. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी १९८० च्या दशकात नदीतील वाळूच्या विक्रीतून पैसा उभा करून बळीराजा धरण बांधायला घेतले, तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात वाटा, हेच सूत्र स्वीकारले. पुढे आटपाडीपासून सुरू झालेल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी संघर्ष चळवळीने समन्यायी वाटपाची मागणी गावाच्या शिवारावरून कृष्णा खोऱ्याच्या पातळीवर नेली. एका गावात जी रीत करार म्हणून जन्मली तीच दुसरीकडे हक्काची मागणी झाली. नागरिकांचा सहभाग आणि नवोपक्रम यांचे नाते असे दुहेरी आहे.

१९९० नंतर सहभाग हा शब्द शासकीय योजनांनीही उचलला. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद झाली. लोकवर्गणी आणि श्रमदान या अटी पाणलोटाच्या व पाणीपुरवठ्याच्या योजनांत घातल्या गेल्या. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या पायऱ्यांवर लोकांना केवळ गुंडाळले जाते, मधल्यांवर माहिती दिली जाते किंवा मत विचारले जाते, आणि वरच्या पायऱ्यांवरच निर्णयाचा अधिकार लोकांच्या हाती येतो. या शिडीवर योजनांमधील सहभाग ठेवून पाहिला तर तो बहुधा मधल्या पायऱ्यांवर अडकलेला दिसतो. पाणलोटाचे काम कुठे करायचे हे ग्रामसभेला विचारले जाते, माती उपसायला गाव बोलावले जाते, ओढा खोल करण्यासाठी मशिन येते, फीत कापली जाते; पण अडलेल्या पाण्यावर किती बोअर घ्यायचे आणि त्यावर कोणते पीक लावायचे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी बोअर न घेण्याचा, ऊस-केळी न लावण्याचा आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा नियम केला. त्या गावाची टिकाऊ कीर्ती पाणी अडवण्यासाठी खोदलेल्या चरांपेक्षा या नियमावर जास्त उभी आहे.

इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला हाच धागा वेगळ्या रूपात भेटतो. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाणफुगवट्यात तालुक्यातील अनेक गावे बुडाली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी फार आटले की उघडे पडते. जमिनी गेलेली कुटुंबे आणि मासेमारी करणारे लोक याच पाण्यावर जगू लागले, आणि भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ परिसरात हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला पुण्याहून माणसे येऊ लागली तेव्हा नावाड्यांनी पक्षी दाखवण्याचा व्यवसाय उभा केला. होडी पक्ष्यांच्या किती जवळ न्यायची, इंजिन कुठे बंद करून वल्हे घ्यायचे, याचे संकेत त्यांनीच पाळायचे असतात, कारण थवा एकदा उठून गेला की सर्वांचाच दिवस बुडतो. लहानसाच व्यवहार, पण त्यात हित आणि नियम एकमेकांना धरून आहेत. मात्र या जलाशयात पुणे-पिंपरीचे सांडपाणी येऊन मिळते, आणि त्यावर नावाड्यांच्या कोणत्याही संकेताचा इलाज चालत नाही.

गावाच्या पातळीवर साधलेले असे जुळणे खोऱ्याच्या पातळीवर कसे तुटते, हे २०२१ मध्ये दिसले. उजनीत येणाऱ्या पाण्यापैकी पाच टीएमसी पाणी उपसा योजनेतून इंदापूर तालुक्यातील टंचाईग्रस्त गावांना देण्याचा निर्णय झाला आणि सोलापूर जिल्ह्यातून त्याला इतका तीव्र विरोध झाला की शासनाला तो मागे घ्यावा लागला. दोन्ही बाजूंचे शेतकरी जागरूक नागरिकच होते. दोघांनीही सभा घेतल्या, निवेदने दिली, रस्त्यावर उतरले. उणीव होती ती दोघांनी एकत्र बसून वाटप ठरवण्याच्या जागेची. सक्रिय नागरिकत्व आपोआप नवोपक्रम घडवत नाही. मागणी एकमेकांसमोर मांडून तिचे नियमात रूपांतर करणारी संस्था नसेल, तर त्याच सक्रियतेतून फक्त ताकद आजमावली जाते.

अशी संस्था कायद्याने निर्माण करण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने केलेला आहे. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणावर १९९० च्या दशकात पाणी वापर संस्था उभ्या करून दाखवल्या, पाणी मोजून घ्यायचे आणि आपसांत वाटून पट्टी स्वतः गोळा करायची हे जमवले, आणि त्या अनुभवाचा आधार घेत २००५ मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा अधिनियम झाला. त्यानुसार शासनाने संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे किती एकर भिजवले यावर नव्हे तर प्रत्यक्ष किती पाणी दिले यावर मोजून द्यायचे, आणि संस्थेने ते सभासदांत वाटायचे. टेलच्या शेतकऱ्याला निदान कायद्याने तरी वरच्याला जाब विचारण्याची जागा त्यातून मिळाली. या संस्थेचे सभासदत्व मात्र लाभक्षेत्रात जमीन धारण करणाऱ्यांना आणि ती कसणाऱ्यांना आहे, आणि वाटप जमिनीच्या क्षेत्रावर होते. नायगावच्या नियमांपैकी गट, मोजणी, पाणीपट्टी आणि देखरेख या चारही गोष्टी अशा रीतीने कायद्यात आल्या. माणशी अर्धा एकर आणि भूमिहीनाचा वाटा या दोन गोष्टी आल्या नाहीत.